गोकुळनगरच्या बायका

हा अंक छापखान्यात जात असता टाकळी सिकंदर-अनगरच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागल्या आहेत, पुणे-सोलापूर महामार्गावरील ढाब्यांपुढे मालमोटारी रात्रभर उभ्या आहेत. ऐन सणाच्या दिवसांत एच.आय.व्ही.चा विषय काढणे काही वाचकांस अप्रशस्त वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून, आणि त्यापायी खटले सोसून, लैंगिक आरोग्याचा जो विषय मराठी मासिकांत आणला, तो आपल्या तालुक्याच्या वेशीशी उभा असताना झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही.

१९८६ साली मद्रासेत या विषाणूचे भारतातील पहिले निदान देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात झाले, आणि तेव्हापासून रोगाची सारी जबाबदारी त्यांच्याच माथी मारण्यात आली. गिऱ्हाइकाचे नाव रोगाच्या दप्तरात क्वचितच चढले. सांगलीच्या गोकुळनगरात मात्र मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून कंडोमवाटपाचे काम वस्तीतल्याच बायकांच्या हाती दिले. एकटी बाई ‘कंडोमशिवाय नाही’ म्हणाली तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते आणि हिची त्या दिवसाची कमाई बुडते. तेच सगळी गल्ली एकमुखाने म्हणू लागली, की त्याला जाण्यास दुसरे दार उरत नाही. हे शहाणपण कोणा तज्ज्ञाच्या अहवालातून आलेले नव्हते. याच बायकांनी पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभारली; आणि अमेरिकी सरकारने वेश्याव्यवसायाचा निषेध लेखी नोंदविण्याची अट अनुदानास जोडली, तेव्हा ‘संग्राम’ने ते अनुदानच नाकारले, हा निर्णय आम्हांस अत्यंत अभिमानास्पद वाटतो.

पर्समध्ये कंडोम सापडला म्हणून बाईला गुन्हेगार ठरविणाऱ्या पोलिसी रिवाजाने जितके नुकसान केले तितके अज्ञानानेही केले नसेल. कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बजावले, तो हुकूम प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लागला पाहिजे.

औषधाची अडचण आता पूर्वीची राहिलेली नाही. वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरातील उपचार मुंबईच्या सिप्लाने २००१ साली साडेतीनशे डॉलरांत देऊ केला आणि आफ्रिकेतील दरिद्री देशांस आशा दिसली. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी उपचार विनामूल्य आहे. गोळी रोज घेतल्याने रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर तो संभोगातून दुसऱ्यास लागत नाही. पण ‘रोज’ हा शब्द सहा-सहा महिने फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या ऊसतोड बाईस कसा पाळता यावा? शिवाय संमतीवाचून कोणाचा आजार उघड करू नये, असे एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा सांगतो. तेव्हा गावाकडून निघतानाच तिला हंगामभराच्या गोळ्या मिळाव्यात, संपल्या तर ती ज्या तालुक्यात असेल तेथे विनाहरकत मिळाव्यात, आणि त्यासाठी एक दिवसाची रजा मागताना मुकादमापुढे आजाराचे नाव घेण्याची पाळी तिच्यावर येऊ नये, एवढी मागणी आम्ही या अंकाच्या पहिल्या पानावरून करीत आहोत.