हप्ता थकलाय? आधी ते रील बंद करा

आमच्या रूमवर एक फोन कायम पालथा ठेवलेला असायचा. तो वाजला की आम्ही तिघीही गप्प. ज्या मैत्रिणीचा फोन, ती म्हणायची, ‘जाऊ दे गं, कंपनीचा कॉल आहे.’ रात्री साडेनऊला कुठली कंपनी फोन करते, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, विचारलं नाही. मग एक दिवस माझ्याच फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. तिचा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘ही पैसे बुडवून पळाली आहे, हिला निरोप द्या.’ हॉस्टेलच्या मेसवाल्या काकूंनाही तोच मेसेज गेला होता.

तिच्या परवानगीनेच हे लिहितेय, नाव तेवढं टाळलंय. पण नावाने फार फरक पडत नाही. तुमच्या ग्रुपमध्येही असा एक पालथा फोन असण्याची शक्यता आहे. कदाचित तो तुमचाच असेल.

तिची गोष्ट उधळपट्टीची नाही. पगार बावीस हजार. फोन हप्त्यावर घेतलेला, एक क्रेडिट कार्ड. कंपनीने अख्खी टीम कमी केली आणि दोन महिने हातात काही नव्हतं. घरी सांगितलं नव्हतं, त्यामुळे घरी पाठवायचे पाच हजार नेहमीच्या तारखेला जातच राहिले. ते कार्डावरून निघाले, मग एका अ‍ॅपवरून, मग त्या अ‍ॅपचं फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून. नवी नोकरी लागली तेव्हा कार्डाची थकबाकी साठ हजार झाली होती.

हे साठ हजार काय करतात ते बघा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, कार्डांवर एवढं सर्रास असतं. म्हणजे २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८ रुपये. तुम्ही ‘मिनिमम ड्यू’ म्हणून तीन हजार भरलेत तर त्यातले २,४७८ असेच गेले आणि मुद्दल कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी. स्टेटमेंटवर मात्र ‘पेमेंट रिसीव्ह्ड, थँक यू’ असं येतं आणि आपल्याला वाटतं, चला, या महिन्याचं निभावलं.

पण मला आज कर्ज कसं होतं यावर लिहायचं नाहीये. त्यावर भाषणं देणारे घरीदारी भरपूर आहेत. मला लिहायचंय ते नंतरचं. ज्या रात्री तिला कळलं की हे आपल्याच्याने आवरत नाही, त्या रात्री तिने मदत शोधली. कुठे? इन्स्टावर. तिथे कोट घातलेला एक माणूस सांगत होता, ‘लोन भरू शकत नाही? घाबरू नका, कायदेशीर मार्गाने ६० टक्के माफ करून देतो.’ तिने फॉर्म भरला. दहा मिनिटांत गोड आवाजाचा कॉल आला. रजिस्ट्रेशनचे ४,९९९ रुपये. तेही तिने कार्डावरूनच भरले! मग सूचना आल्या: सगळे हप्ते बंद करा, बँकेचे फोन घेऊ नका, मेल आला तर आम्हाला पाठवा, घरी सांगायची गरज नाही, आमची लीगल टीम बघेल. दोन महिन्यांनी लीगल टीमचा फोन बंद लागायला लागला. तोवर तीन ठिकाणचे दंड चढले होते आणि वसुलीचा माणूस तिच्या ऑफिसच्या रिसेप्शनपर्यंत येऊन गेला होता.

त्या सूचना एकदा पुन्हा वाचा. बँकेशी बोलू नका, घरी सांगू नका, आम्हाला आधी पैसे द्या. खरी मदत यातलं एकही वाक्य बोलत नाही. विश्वासाची मदत ओळखायची माझी कसोटी आता एवढीच आहे. जो तुम्हाला एकटं पाडतो आणि त्याचे आगाऊ पैसे घेतो, तो मदत करत नाहीये. सगळेच कर्जसल्लागार चोर असतात असं नाही. पण थकलेल्या माणसाकडून आधी फी घेऊन नंतर काम करू म्हणणाऱ्याला तुम्ही कशाच्या भरवशावर पैसे देणार?

दुसरं म्हणजे, ते जे ‘सेटलमेंट’ विकतात ते बँकेतच मिळतं, मध्यस्थाशिवाय. तडजोडीची कर्जं कशी मिटवायची याबद्दल रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ला बँका आणि वित्त कंपन्यांसाठी चौकट घालून दिली आहे. तुम्ही स्वतः शाखेत जाऊन लेखी विचारू शकता. मात्र रीलमध्ये न सांगितलेली गोष्ट म्हणजे, तडजोड झाली की तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ असं लागतं. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की समोरचा आधी तेच वाचतो. त्यामुळे तडजोड हा शेवटचा उपाय. त्याआधी मागायचं ते हप्ता लहान करून मुदत वाढवणं, कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत फिरवणं, किंवा थोडे महिने सवलत. बँक हो म्हणेलच असं नाही, तिच्यावर तशी सक्ती नाही, आणि पुनर्रचनेचीही नोंद रिपोर्टवर होऊ शकते. पण हप्ता थकायच्या आधी गेलेल्या माणसाला जेवढं ऐकून घेतात तेवढं तीन महिने फोन न उचललेल्याला ऐकत नाहीत. हे मला एका बँकेतल्या मॅडमनी काउंटरच्या पलीकडून, पासबुक प्रिंट करता करता सांगितलं.

‘हप्ते बंद करा’ या सल्ल्यात आणखी एक खोट आहे. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, हे अगदी खरं. त्यासाठी कुणी रात्री पोलीस घेऊन येत नाही, तशी धमकी देणारा खोटं बोलतो. पण दिलेला चेक पुरेशा पैशांअभावी परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८खाली खटला होऊ शकतो, आणि बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता त्याच कारणाने परत गेला तर २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५खाली. म्हणून खात्यात पैसे नसणार हे दिसत असेल तर गप्प बसायचं नाही, बँकेला आधी मेल टाकायचा. नोटीस आली तर ती गादीखाली सरकवायची नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. लोकअदालतीत बँकांच्या वसुलीची प्रकरणं मिटतात तीही यांच्याच मार्फत.

आता त्या रात्री साडेनऊच्या फोनबद्दल. १२ ऑगस्ट २०२२च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान करणं, नातेवाइकांना किंवा मित्रमैत्रिणींना त्रास देणं, धमकीचे निनावी कॉल, हे सगळं मना आहे. म्हणजे मेसवाल्या काकूंना गेलेला तो मेसेज नियमात कुठेच बसत नव्हता. आम्हाला हे माहीतच नव्हतं. आम्ही काय केलं? मेसेज डिलीट केला, तिला वाईट वाटू नये म्हणून. चूक. स्क्रीनशॉट हवा होता, नंबर आणि वेळेसकट.

असे पुरावे हातात असतील तर आधी त्या बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१च्या एकात्मिक लोकपाल योजनेपासून एकाच पोर्टलवर ही तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. लोकपाल तुमचं कर्ज माफ करणार नाही, ते त्याचं कामच नाही. पण कर्ज देणाऱ्याने नियम मोडला असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं झालं नोंदणीकृत कंपन्यांबद्दल. तिच्या तीन अ‍ॅपपैकी दोन तशी नव्हतीच. पाच हजार मंजूर, हातात तीन हजार, सात दिवसांनी परत पाच हजार. असल्या अ‍ॅपच्या मागे बहुतेकदा कुठली बँकच नसते, मग लोकपाल तरी कुणाला विचारणार? खऱ्या डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: व्याज आणि सगळे चार्जेस एकत्र दाखवणारं माहितीपत्रक आधी द्यायचं, पैसे थेट तुमच्या खात्यात टाकायचे, आणि तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. नियमात चालणाऱ्या अ‍ॅपची यादी जुलै २०२५पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. ज्या अ‍ॅपने इन्स्टॉल होताना कॉन्टॅक्ट मागितले तिथेच ओळखायचं होतं, पण अडलेला माणूस ‘अलाउ’ दाबतो, काय करणार. अशा अ‍ॅपने छळ केला, फोटो बदलून पाठवले, तर थेट १९३० किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही तक्रार. आणि एकाचं फेडायला दुसरं अ‍ॅप डाउनलोड करायचं नाही, कितीही फोन आले तरी.

गावाकडे हाच खेळ खासगी सावकार खेळतो, अ‍ॅपशिवाय. महाराष्ट्रात २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. तुमच्या घरी कुणाचा सातबारा किंवा कोरा चेक अशा माणसाकडे पडून असेल तर हे ऑफिस माहीत असू द्या.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. कर्ज घ्यायच्या वेळी दिवसाला पाच फोन येतात, ‘मॅडम, प्री-अप्रूव्हड आहे.’ अडचणीत आल्यावर नीट बोलणारं टेबल शोधायला तीन शाखा फिराव्या लागतात. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य कर्जदारासाठीचा भाग लिहिलेला आहे, त्यात अगदी लहान कर्जदारांना नव्याने सुरुवात करू देण्याची तरतूदही आहे, पण तो भाग अजून लागू केलेला नाही. त्याच्या जागी आजही १९०९ आणि १९२०चे इंग्रजांच्या काळातले कायदे आहेत. ही रिकामी जागा कोटवाल्या रीलवाल्यांनी भरली, यात नवल काय! बँकांच्या आर्थिक साक्षरता केंद्रांचा सल्ला फुकट असतो, पण त्यातलं एकही केंद्र मी पदवीच्या तीन वर्षांत कॉलेजमध्ये आलेलं पाहिलं नाही. रॅगिंगविरोधी बोर्ड प्रत्येक मजल्यावर होते. त्याच्या शेजारी १४४४८, १९३० आणि १५१०० लिहायला किती रंग लागतो? प्राचार्यांनी अग्रणी बँकेला एक पत्र लिहावं, वर्षातून एक दिवस त्यांचा माणूस कॅन्टीनमध्ये येऊन बसेल. सेमिनार हॉलमध्ये नको, तिथे कुणी हात वर करून ‘माझं कर्ज थकलंय’ म्हणणार नाही.

तोवर तुम्ही एक करा. वही घ्या. कुणाकडून किती घेतले, किती फेडले, व्याज किती, पुढची तारीख कोणती, सगळं एका पानावर. क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, तो काढून वहीशी ताडा. आणि ती वही एका माणसाला दाखवा. एकाला तरी. रात्री डोक्यात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वही राहू दे, आधी १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, कधीही लागतो.

आमच्या मैत्रिणीने ती वही शेवटी घरी दाखवली. बाबा चिडले. दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या पतसंस्थेतल्या ओळखीच्या क्लार्ककाकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो पाठवला. काकांनी तासाभरात दाखवून दिलं की एका अ‍ॅपचं कर्ज ती दोनदा धरत होती. नऊ हजार रुपये तिथेच कमी झाले. कार्डाच्या बँकेने थकबाकी चोवीस हप्त्यांत करून दिली, दुसऱ्या खेपेला, लेखी अर्ज नेल्यावर. दोन बोगस अ‍ॅपची तक्रार सायबरला गेली आहे, त्यांचे फोन अजून येतात, ती स्क्रीनशॉट काढते. ४,९९९ रुपये मात्र अडकलेत. त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला टाकलीय. त्याचं काय होतं ते कळलं की याच पानावर सांगेन.