चीनला गेलेले वैद्यकीय पथक आणि डॉ. चोळकर
१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून चीनला निघालेल्या काँग्रेसच्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर त्यांत वयाने सर्वांत ज्येष्ठ, सोलापूरचे डॉ. कोटणीस अवघे २७ वर्षांचे. हे पथक म्हणजे केवळ प्रचाराची खेळी, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटणारे नाही. चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली, ती जखमींसाठी. पाच डॉक्टरांनी चीनची गरज भागणार नव्हती हे खरे. पण जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्यांना त्यांच्या येण्याने धीर आला, आणि तो शस्त्रक्रियांच्या मेजावर कमावलेला होता. प्रचार म्हणावा असा भाग बराचसा नंतरचा. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले आणि शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांना घराघरांत पोहोचवले. उतारवयात युद्धभूमीवर जाण्याचा चोळकरांचा निर्णय मात्र विस्मृतीत गेला, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे.