तिकिटावरून माणसाची किंमत

कुर्ल्यात हल्ली लग्नाच्या पंगतीतही माणूस कुणाच्या उपयोगी पडला हे कुणी विचारत नाही. परदेशी जाऊन आलेल्याला पहिला प्रश्न येतो, ‘बिझनेस क्लासने गेला होतात का?’ विमान कंपनीचा ‘गोल्ड’ बिल्ला प्रवास संपून महिने झाले तरी बॅगेवर लोंबत असतो. तिकिटावरून माणसाची किंमत करायला आपण शिकलो आणि त्याची लाजही वाटेनाशी झाली!

हा ‘गोल्ड’ दर्जा मिळतो कशावर? पूर्वी उडालेल्या मैलांवर, आता अनेक ठिकाणी खर्चलेल्या पैशावर. बदल्यात लाउंजमधले जेवण, थोडे जास्तीचे सामान, रांगेत पुढचा नंबर. वरच्या वर्गात बढती मिळते तीही जागा रिकामी उरली तर. मुदत संपली की सगळे पुन्हा कमवायचे. ‘गोल्ड’ कार्ड टिकावे म्हणून नको असलेला प्रवास करणारे, त्यासाठी कर्ज काढणारे सुशिक्षित लोक आपल्यातच आहेत. जागतिक बँकेच्या 2013 च्या अभ्यासानुसार बिझनेस क्लासच्या प्रवाशामागे साध्या वर्गाच्या सुमारे तिप्पट कार्बन हवेत जातो. तो भार कार्डधारक एकटा सोसत नाही.

जेट एअरवेज आठवा. मुंबईचीच कंपनी, मुख्य कार्यालय अंधेरीत. 17 एप्रिल 2019 ला तिचे शेवटचे विमान उडाले. प्रवाशांचे साठवलेले मैल वाचले, कारण तो कारभार वेगळ्या कंपनीकडे होता. ते पुढे हॉटेलात, पेट्रोलपंपावर वापरता आले. पगार मात्र बुडाले. वैमानिक, तंत्रज्ञ, सामान चढवणारे थकबाकीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले आणि 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. ज्या व्यवस्थेत गिऱ्हाइकाचे मैल सुरक्षित आणि कामगाराची मजुरी बेभरवशाची, तिचा मान मिरवण्यात कसली प्रतिष्ठा?

जरीमरीच्या वस्तीला मुंबई विमानतळाची भिंत लागून आहे. तिथल्या पत्र्यांवरून विमाने जातात, बोललेले ऐकू येत नाही. त्या घरांतल्या माणसाला आपण ओळखत नाही, मात्र कार्डाचा रंग ओळखतो.

गुडघे धरलेल्या आईसाठी रुंद खुर्ची जरूर घ्या, तो पैसा सत्कारणी लागला. पण कार्ड राखण्यासाठी स्वतःच्या खिशातून महाग तिकीट काढणे हा शुद्ध तोटा आहे. त्या फरकाच्या पैशात वस्तीतल्या एका मुलीची कॉलेजची फी भरा.