वाट सोडताना
सातारा-सांगलीकडचे तरुण हल्ली ‘फोर बाय फोर’ घेऊन कुंभार्ली घाट उतरतात, गुहागरच्या किनाऱ्यावर तंबू ठोकतात. घराबाहेर पडून सह्याद्री पाहावा, यात गैर काहीच नाही. आक्षेप आहे तो वाट सोडण्याला. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या कासच्या सड्यावर जांभ्या खडकावरील माती जेमतेम; चाकाखाली तीत दडलेले बी-कंद चिरडतात. गुहागरच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी पुरतात; ती वरून दिसत नाहीत. निसर्ग पाहायला जायचे आणि त्याच्याच अंगावर गाडी घालायची, ही कसली निसर्गभक्ती? गाडी डांबरी सडकेवर थांबवावी, पुढे पायी जावे. आमची पिढी एस.टी.तून उतरून तशीच चालत असे. अर्थात, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता!