'व्हेरी व्हेरी'ने कलम लागत नाही

शिरूर आणि दौंड, दोन्ही कोर्टांत माझे जाणे-येणे असते. आपल्या वस्तीतील शिकलेली पोरे हल्ली तक्रारअर्ज इंग्रजीत लिहून आणतात. साहेबावर छाप पडते, हा समज! दौंडकडच्या एका पदवीधराने बांधाच्या वादात वडिलांना झालेल्या मारहाणीचा अर्ज असाच लिहिला होता. 'व्हेरी व्हेरी क्रुएल', 'मोस्ट हॉरिबल', 'अटर ब्रुटॅलिटी'. विशेषणांनी पान भरले. पण वडिलांच्या हाताचे हाड मोडले, हे एकाही ओळीत नव्हते. साधी दुखापत म्हणून प्रकरण अदखलपात्र नोंदले गेले.

बंधूंनो, जोर देणारी विशेषणे कायद्यातही आहेत. पण तेथे प्रत्येकाचे माप ठरलेले आहे. 'ग्रीव्हस हर्ट' म्हणजे खूप लागले असे नव्हे. हाड वा दात मोडणे, डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, अशा आठ प्रकारांनाच जबर दुखापत म्हणतात. पूर्वी दंडविधानाचे कलम ३२० होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे ११६. त्यातल्या 'सिव्हिअर' वेदनेलाही १५ दिवसांची अट आहे. जुन्या कायद्यात २० होती. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद, जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. मग 'व्हेरी ग्रीव्हस' लिहून काय साधणार? कलमात तसा प्रकारच नाही.

'ग्रॉस' हा शब्द निष्काळजीपणाने मृत्यूच्या ३०४-अ कलमात नव्हता. तरी डॉक्टरवर फौजदारी करायची तर निष्काळजीपणा 'ग्रॉस'च हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली ठरवले. तेथे 'व्हेरी बिग निग्लिजन्स' लिहिले की समोरचा वकील हसतो.

ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीतही 'हॉरिबल इन्सल्ट' नको. कोणता जातिवाचक शब्द, कोणत्या जागी, कोणासमोर उच्चारला ते लिहा. 'पब्लिक व्ह्यू' त्यावरूनच ठरतो.

तक्रार मराठीतच द्यावी, हे माझे मत. पण घटनेच्या कलम ३४८ मुळे हायकोर्टात इंग्रजीच चालते, तेव्हा ती नीट शिकावी लागेल. त्यासाठी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या मुलांना दुप्पट भाडे देऊन बैलगाडी स्वतः हाकावी लागली, रात्री पाणी मिळाले नाही. बाबासाहेब घडले ते क्रमाने सांगतात. वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडतो.

त्या तरुणाच्या वडिलांचा पुरवणी जबाब आम्ही मराठीत दिला. चार ओळी, सोबत एक्स-रे आणि डॉक्टरांचा दाखला. कलम बदलले.