अंड्यांचे पैसे

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ‘आठवणीतले घर’ या विषयावर लिहावयास सांगितले की तुळशीवृंदावन येते, गोठा येतो, पहाटेचे जाते येते. कोंबडी येत नाही. ज्यांच्या घरामागे आजही खुराडे आहे असे विद्यार्थीसुद्धा तिला वगळतात आणि कारण विचारले तर हसून म्हणतात, ‘‘त्यात काय लिहायचं, सर?’’ हे हसू त्यांचे एकट्यांचे नाही. ते आपल्या वाङ्मयीन अभिरुचीनेच त्यांना शिकवले आहे. गाय वंदनीय, बैल करुण, आणि कोंबडी विनोदात, शिवीत नाहीतर ताटात!

आमचे म्हणणे असे की कोंबडी वगळली की त्या घराच्या आठवणीतून घरातल्या बाईचा हिशेबच वगळला जातो.

आम्ही लिहिणारे सगळे एकाच विभागात शिकवतो, पण एकाच प्रकारच्या घरांतून आलेलो नाही. आमच्यापैकी एकीचे आजोळ सांगली जिल्ह्यातले. तिथे जमीन आजोबांच्या नावावर, बैल मामांचे, म्हशीचे दूध डेअरीला आणि त्याचे बिल पुन्हा पुरुषांच्या हाती. कोंबड्या तेवढ्या आजीच्या. संध्याकाळी त्यांना डालग्याखाली झाकणे, कोणती कुठे घालते यावर नजर ठेवणे, मुंगसाला हाकलणे हे सारे तिचे. दोन अंडी दुकानात दिली की चहाची पुडी मिळे; आठवडी बाजाराला डझनभर गेली की रोख पैसे. त्यांना घरात ‘अंड्यांचे पैसे’ असेच नाव होते. ते कुठे ठेवले आहेत हे आजोबांनी कधी विचारले नाही, म्हणजे निदान विचारायचे नसते एवढे त्यांना ठाऊक होते. मुलीच्या बांगड्या, माहेरी जाण्याचे एस.टी.चे भाडे, नातीच्या वह्या या पैशांतून येत. आणि जावई आला की कोंबडे कापायचे, हे ठरवायचे पुरुषांनी. जायचे ते मात्र आजीच्या भांडवलातून. शेवटी ती जेवायला बसे तेव्हा तिच्या वाट्याला मान आणि पंख उरत.

आमच्यातल्या दुसऱ्याचे बालपण १९८०च्या दशकातल्या पुण्यातल्या एका वाड्यात गेले. तिथे अंडे येई ते वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी. डॉक्टरांनी सांगितले म्हणून, असे प्रत्येक वेळी म्हटले जाई. मागच्या अंगणात वातीच्या स्टोव्हवर ते उकडायचे, त्याचे पातेले वेगळे, टरफले लांब नेऊन टाकायची. ज्या आजीने त्या पातेल्याला कधी बोट लावले नाही, तीच उंबऱ्याच्या आतून विचारी, ‘‘सगळं संपवलं ना रे त्यानं?’’ मध्यमवर्गीय आठवणींत या लपवालपवीचे खुसखुशीत वर्णन अधूनमधून सापडते. सांगलीच्या आजीच्या पुरचुंडीचे क्वचितच.

पुरचुंडीबरोबर भाषाही गेली. अंडी देणे थांबवून उबवायला बसू पाहणारी कोंबडी म्हणजे खुडूक. तिला अंड्यांवर बसवायचे तर २१ दिवस तिची उठबस सांभाळायची, नको असेल तर थंड पाण्यात बुडवून काढायचे. कोकणात याच बसण्याला रवण म्हणतात. अंड्यावर यायला लागलेली ती तलंग. आता पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला ३००हून अधिक अंडी देते. गावठी कोंबडी कशीबशी ५० ते ७०. हा फरक केवळ खाद्याचा नाही. उबवायला बसणारी कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही, म्हणून व्यावसायिक जातींतून ही वृत्तीच निवड करकरून काढून टाकण्यात आली. ‘खुडूक’ हा शब्द विद्यार्थ्यांना अडतो याचे कारण त्यांचे वाचन कमी आहे, असे आम्ही तरी म्हणणार नाही. त्या शब्दाची कोंबडीच आता दुर्मीळ झाली आहे. ‘खुडूक होऊन बसलाय’ असे माणसाबद्दल म्हटलेले मात्र अजून ऐकू येते.

शब्दांची आणखी एक वाटणी ध्यानात घेण्याजोगी आहे. पूर्वी घरात ‘कोंबडी केली’ असे म्हणत. जिवंत तीही कोंबडी, शिजलेली तीही. आता अंगणात कोंबडी, पातेल्यात चिकन. ‘अंड्याची पोळी’ जाऊन ऑम्लेट आले. आणि सरकारी कागदावर तर ती फक्त ‘पक्षी’ असते. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पोल्ट्रीतल्या लाखो पक्ष्यांबरोबर परिसरातल्या घरांमधल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. संसर्ग रोखण्यासाठी ते अटळ असेल, पण ‘पक्षी’ या शब्दात कुणाची पुरचुंडी रिकामी झाली हे कळत नाही.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय झाला. जानेवारी २०२५मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी बंद केला. द्यायचे तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे. या मधल्या काळात झालेला वाद प्रथिने आणि भावना या दोनच शब्दांभोवती फिरला. आमच्या मते निधी बंद करणे चुकीचेच होते. पण वादातही अंडे हे कुणाच्या तरी घरातले, मोजून ठेवलेले, विकावे की लेकराला द्यावे असा विचार करून उचललेले अंडे नव्हते, हे आम्हांला अधिक खटकले.

तसे लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१०च्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’मध्ये मांसाहाराला संकोच नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाच्या नावातच पूर्णब्रह्माला प्रश्न विचारला. तरीही अभ्यासक्रमात अन्न येते ते बहुधा भुकेच्या किंवा सणाच्या रूपाने.

यंदा आम्ही स्वाध्यायाचा विषय बदलला. घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीला एकच प्रश्न विचारायचा: अंड्यांचे पैसे कुठे ठेवत होतीस? तांदळाच्या मडक्यात, उशीच्या खोळीत, शेजारणीकडे अशी उत्तरे आली. एका मुलाने वसतिगृहातून आजीला फोन लावून विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘तुला कुणी सांगितलं?’’