शिल्पाचे खरे घर

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर वेरूळची लेणी आहेत. त्यांतील कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, डोंगर माथ्यापासून खाली कोरत आणून घडवण्यात आले. त्याच्या प्रांगणात दोन्ही बाजूंना एकेक भव्य पाषाणी हत्ती उभा आहे. त्यांच्या सोंडा भंगल्या आहेत. परंतु त्यांची जागा कोणी हिरावून घेतलेली नाही. जवळच मंदिर आणि भोवती उंच कडे असल्यामुळे हे हत्ती कोणाच्या दारात उभे आहेत, हे कोणाला सांगावे लागत नाही.

घारापुरीच्या हत्तीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. मुंबईजवळच्या या बेटावर एक प्रचंड दगडी हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याची मान व मस्तक गळून पडले. पुढे १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा बेत ठरला. परंतु उचलताना यारीच्या साखळ्या तुटल्या, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणण्यात आले व १९१४ मध्ये जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. आज तो त्याच बागेत आहे. बेटाजवळ त्याचे नाव उरले, हत्ती मात्र उरला नाही.

प्राचीन शिल्पे परदेशच्या संग्रहालयांत अधिक सुरक्षित राहतात, असे काही लोक म्हणतात. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. संग्रहालयांनी अनेक वस्तू नाशापासून वाचवल्या आहेत. तथापि सुरक्षितता ही कोणा एका देशाची मिरासदारी नव्हे. अजिंठ्याचाच दाखला घ्यावा. रॉबर्ट गिल या चित्रकाराने तेथे अनेक वर्षे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्या लंडनला पाठवण्यात आल्या आणि त्यांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा तेच काम केले. त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मूळ चित्रे मात्र, झिजलेली का होईना, अजिंठ्याच्या भिंतींवर आजही आहेत.

मग शिल्प कधीच हलवू नये काय? तसेही नाही. इजिप्तमध्ये नाईल नदीवर मोठे धरण बांधले जात असताना अबू सिंबेल येथील मंदिरे पाण्याखाली जाण्याची वेळ आली. तेथे राजा दुसरा रामसेस याच्या सुमारे २० मीटर उंचीच्या चार बैठ्या मूर्ती आहेत. १९६४ ते १९६८ या काळात अनेक राष्ट्रांच्या साहाय्याने मंदिरे कापून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. वर्षातून दोनदा सूर्यकिरण मोठ्या मंदिराच्या गाभाऱ्यात पोहोचत. ती रचनाही नव्या जागी राखली गेली. देश तोच, नदी तीच आणि सूर्याची दिशाही तीच! ज्याला शिल्प वाचवायचे असते, तो त्याचे घर शक्य तितके त्याच्याबरोबर नेतो. ज्याला केवळ मिरवायचे असते, तो शिल्प नेतो आणि घर मागे ठेवतो.

१९७२ च्या कायद्याने भारतातील पुरावस्तू खाजगी व्यक्तींनी परदेशी नेण्यास बंदी घातली आहे. बाहेर गेलेल्या मूर्ती परतही येऊ लागल्या आहेत. तमिळनाडूतील एका मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची मूर्ती ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये भारताला परत केली.

परंतु मूर्तीवर हक्क सांगणाऱ्याने तिची राखणही केली पाहिजे. १८१९ मध्ये अजिंठ्याला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील एका स्तंभावर आपले नाव कोरले. ती खूण आज अविचाराचा पुरावा म्हणूनच दाखवली जाते. स्मिथ परदेशी होता. पण देशातील प्राचीन वास्तूंवर आपली नावे कोरणारे येथलेच लोकही थोडे नाहीत. दगडावर ओढलेली रेघ पुसून काढता येत नाही. जो शिल्प पळवतो त्याने ते एका गावापासून तोडलेले असते; जो ते विद्रूप करतो तो ते पुढील सर्व पिढ्यांपासून हिरावून घेतो.

म्हणून वेरूळला सहलीस जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने कैलासाच्या प्रांगणातील हत्तींजवळ थोडा वेळ थांबावे, डोळे भरून पाहावे आणि हात मात्र आवरावा. हत्तींना त्यांच्या घरी सुखरूप ठेवण्याचे काम कायद्याइतकेच त्या हातांचेही आहे.